त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा : मुंबईतल्या गोवेकरांना आरसा दाखवणारा नेता

सप्टेंबर १९५३ मध्ये बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ पॅरिसहून मुंबईत येऊन पोहोचले. सात वर्षांपूर्वी गोव्यात त्यांना अटक झाली होती. त्यानंतरचा काळ आग्वाद किल्ल्याची कोठडी, पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील पेनिशचा तुरुंग आणि पुढे पोर्तुगालमध्येच सक्तीचा मुक्काम अशा अवस्थेत गेला होता. त्या देशातून निसटून ते फ्रान्समध्ये आले आणि तेथून थेट मुंबईला. स्वतःच्या गावी, दक्षिण गोव्यातील कासावलीजवळच्या कुयेलीला जाण्याचा मार्ग त्यांना बंद होता. आयुष्याची उरलेली पाच वर्षे त्यांनी मुंबईतच काढली आणि तेथील गोवेकरांना एकाच प्रश्नाशी सतत भिडवत ठेवले. नाव पोर्तुगीज, धर्म पोर्तुगीजांनी दिलेला, खिशातला पासपोर्टही पोर्तुगीज. मग आपण कोण, हा तो प्रश्न होता. हे गृहस्थ म्हणजे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी चांदर येथे, आजोळी झाला. सासष्टीतील सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यांत त्या काळी घरची भाषाही पोर्तुगीज होत चालली होती. मुलांनी लिस्बन किंवा कुइंब्रा येथे जाऊन कायदा वा वैद्यक शिकावे आणि परतून सरकारदरबारी मान मिळवावा, ही ठरलेली वाट होती. कुन्हा यांनी ती धरली नाही. पणजीतील शिक्षणानंतर ते फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडेचेरीला गेले आणि तेथून पॅरिसला. सोर्बोन विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास केला. पॅरिसने त्यांना अभियंता केले, त्याहून अधिक म्हणजे वसाहतवादाचा टीकाकार केले. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या शहरात आशिया आणि आफ्रिकेतील वसाहतींमधून आलेले तरुण एकमेकांना भेटत होते, आपापल्या देशांची तुलना करीत होते. कुन्हा डाव्या विचारांच्या वर्तुळात वावरले. रोमाँ रोलाँ यांच्याशी त्यांचा परिचय झाला. भारतातील असहकाराची चळवळ फ्रेंच वाचकांना समजावून देणारे लेखन ते फ्रेंच नियतकालिकांतून करू लागले. गोव्याच्या प्रश्नाकडे त्यांनी पाहिले ते या वाटेने, साऱ्या जगातील पारतंत्र्याचा एक छोटा तुकडा म्हणून. त्यामुळेच पुढे त्यांच्या लिखाणात स्थानिक गाऱ्हाण्यांचा सूर क्वचितच लागला.

ते गोव्यात परतले १९२६ मध्ये. नेमक्या त्याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव होऊन प्रजासत्ताकाचा शेवट झाला. १९१० च्या क्रांतीने आलेली मोकळीक गोव्यातील बुद्धिजीवींनी मनापासून उपभोगली होती. वृत्तपत्रे निघत होती, वाद झडत होते. कुन्हा यांच्या बहिणीचे यजमान लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे त्या पत्रकारितेतील सर्वांत तेजस्वी नाव होते. ती मोकळीक आता आवळली जाऊ लागली. १९२८ मध्ये सालाझार अर्थमंत्री झाले, १९३० मध्ये वसाहत कायदा आला आणि गोवेकरांचे स्थान पोर्तुगीज साम्राज्यात दुय्यम असल्याचे कायद्यानेच सांगून टाकले. त्याच वर्षी मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला.

कुन्हा यांनी त्याआधीच वेगळी दिशा घेतली होती. १९२८ मध्ये त्यांनी मडगावात गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली आणि त्याच वर्षाअखेर कलकत्त्याला भरलेल्या अधिवेशनात तिला भारतीय राष्ट्रीय काँग्रेसशी जोडून घेतले. वरवर पाहता ही केवळ संघटनात्मक बाब होती. प्रत्यक्षात तिचा अर्थ मोठा होता. गोव्यातील सुधारणावादी पुढारी तोवर लिस्बनकडे तोंड करून हक्क मागत होते. पोर्तुगीज नागरिक म्हणून आम्हाला बरोबरीने वागवा, अशी ती मागणी होती. कुन्हा यांनी तोंडच फिरवले. गोवेकर हे भारतीय आहेत आणि त्यांच्या मुक्तीचा मार्ग भारताच्या मुक्तीतून जातो, असा त्यांचा सिद्धांत होता. परकीय राजवटीच्या चारशे वर्षांचा हिशेब मांडणारी पुस्तिका समितीने काढली ती याच भूमिकेतून.

याच काळातील त्यांचे एक काम फारसे सांगितले जात नाही. आसाममधील चहामळ्यांसाठी गोव्यातील कुणबी मजुरांची भरती होत असे. दलाल खेड्यापाड्यांतून फिरून माणसे गोळा करीत. भाषा, हवामान, काम यांपैकी कशाचीच कल्पना नसलेली कुटुंबे हजारो मैल दूर नेली जात. कुन्हा यांनी या व्यवहाराविरुद्ध लेखणी आणि संघटना दोन्ही वापरून मोहीम चालवली आणि अनेक मजुरांना परत आणवले. चांदरच्या हवेलीत जन्मलेल्या, फ्रेंच साहित्यात मुरलेल्या माणसाने गोव्याच्या समाजरचनेतील तळच्या थरासाठी भांडावे, हे त्या पिढीच्या राजकारणात विरळाच होते.

काँग्रेसच्या घटनेतील बदलांमुळे १९३४ नंतर ब्रिटिश हद्दीबाहेरच्या समित्यांची संलग्नता संपली आणि गोवा समिती एकाकी पडली. गोव्यात उघडपणे काम करणे तर अशक्यच होत चालले होते. १९३८ मध्ये कुन्हा यांनी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची भेट घेतली आणि त्यांच्या सल्ल्याने मुंबईत दलाल स्ट्रीटवर समितीची शाखा उघडली. येथून पुढे गोव्याच्या राजकारणाचे दुसरे केंद्र मुंबई झाले.

मुंबईतील गोवेकर ही त्या वेळी स्वतंत्र वस्तीच होती. बोटीवरील खलाशी, खानसामे, वादक, शिंपी, आया, कचेऱ्यांतील कारकून अशा नाना व्यवसायांत ते विखुरलेले होते. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत त्यांच्या कुडी होत्या. कूड म्हणजे गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी चालवलेली राहण्याची जागा. दारावर गोव्यातील गावाचे नाव, आत भिंतीला लागून ओळीने ठेवलेल्या पेट्या, संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर सामुदायिक प्रार्थना. बोट लागली की खलाशी तेथे उतरायचा, पुढची बोट मिळेपर्यंत नाममात्र पैशांत राहायचा. दोन महासागर ओलांडून आलेल्या माणसालाही मुंबईत आपल्याच वाड्यावरची माणसे भेटत. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लेखी मात्र हे सारे परकी प्रजाजन होते आणि पोर्तुगीज वकिलात त्यांना आपले मानत असे. मनीऑर्डर गावी जायची, सुटी गावच्या फेस्ताला. अशा माणसाला राजकारण परवडत नाही. त्याचा पासपोर्ट, त्याचे शेतभाट आणि म्हातारे आईवडील पलीकडच्या सरकारच्या हातात असतात.

कुन्हा यांनी नेतृत्व करायचे होते ते या समाजाचे. १९४४ मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध या संदर्भात वाचावा लागतो. गोवेकरांच्या विराष्ट्रीयीकरणावरचा हा निबंध आजही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती आहे. १५१० मध्ये सुरू झालेली राजवट, १५६० पासून १८१२ पर्यंत थोड्याशा खंडाने चाललेले इन्क्विझिशन, पेहराव आणि चालीरीतींवरची बंधने, कोकणीचा वापर तीन वर्षांत थांबवावा असे फर्मावणारा १६८४ चा हुकूम यांचा पट मांडून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, जेत्यांनी जमिनीबरोबर गोवेकरांचे मनही ताब्यात घेतले आहे. जेत्याची नक्कल करण्यात धन्यता मानणारा, स्वतःच्या देशबांधवांकडे तुच्छतेने पाहणारा आणि जेथे जाईल तेथे उपरा राहणारा माणूस या प्रक्रियेतून घडला, असे त्यांचे निदान होते. देशांतर करून गेलेल्या गोवेकराची गणना मुंबईत पोर्तुगीजांत, आफ्रिकेत आणखी कशात, आणि आपला म्हणून कोठेच नाही, ही त्यातील खंत होती.

निबंध बोचरा आहे आणि ज्यांच्यासाठी लिहिला त्यांनाच अधिक बोचला. वसाहतीच्या मानसिक परिणामांची चर्चा पुढे जगभर झाली, मोठमोठ्या विचारवंतांनी ग्रंथ लिहिले. कुन्हा यांनी ती आपल्या छोट्या प्रदेशापुरती १९४४ मध्येच केली होती, हे श्रेय निर्विवाद आहे. तरीही या निबंधात एक बाजू सुटली असे म्हणावेसे वाटते. गोव्यात दडपल्या गेलेल्या कोकणीचे पहिले नियतकालिक १८८९ मध्ये निघाले ते पुण्यात. तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी झाला तो मुंबईत. प्रेक्षकांत खानसामे होते, खलाशी होते. पोर्तुगीज न येणारा हा गोवेकर जेत्याची नक्कल करीत नव्हता. तो आपल्या भाषेत हसत-रडत होता. कुन्हा यांच्या टीकेचे खरे लक्ष्य त्यांचा स्वतःचाच वर्ग होता, आणि त्या वर्गावर इतके निर्दयपणे लिहिण्याचा अधिकार त्यांनी पुढच्या दोन वर्षांतच किंमत मोजून मिळवला.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली. डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीसाठी आलेल्या लोहियांनी गोव्यातील दडपशाही पाहिली आणि नागरी स्वातंत्र्याचा लढा पुकारला. गावोगावी सभा होऊ लागल्या. पंचावन्न वर्षांचे कुन्हा त्यात उतरले नसते तरच नवल. जुलै महिन्यात त्यांना अटक झाली. आग्वादच्या दमट, अंधाऱ्या कोठडीत ठेवून त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालवण्यात आला. अशा न्यायालयापुढे उभे केलेले ते पहिले मुलकी गोवेकर. शिक्षा आठ वर्षांची झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात करण्यात आली. अटलांटिकच्या लाटा आदळणारा हा सोळाव्या शतकातील किल्ला सालाझार राजवटीने राजकीय कैद्यांसाठी राखून ठेवला होता. पोर्तुगालमधील कम्युनिस्ट आणि लोकशाहीवादी तेथे खितपत पडले होते. पाठोपाठ डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, जुझे इनासियु लोयोला हे गोव्यातील सत्याग्रहीही तेथे आले. त्या किल्ल्यात आता त्या प्रतिकाराचे संग्रहालय आहे.

१९५० मध्ये कैद संपली, पण पोर्तुगाल सोडण्याची मुभा मिळाली नाही. याच सुमारास लिस्बनने एक शाब्दिक कसरत केली. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहत हा शब्द जगात बदनाम झाला होता. जून १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून वसाहतींना सागरापलीकडील प्रांत असे नाव दिले. गोवा ही वसाहतच नाही, तो पोर्तुगालचाच एक तुकडा आहे. मग तो सोडण्याचा प्रश्न येतोच कोठे, असा युक्तिवाद यातून उभा राहिला. गोव्यातील जनता संस्कृतीने पोर्तुगीज आहे, हा या युक्तिवादाचा पाया होता. म्हणजे कुन्हा यांनी ज्याला जखम म्हटले होते, त्यालाच सालाझार पुरावा म्हणून पुढे करीत होते. मुंबईत पाऊल ठेवले तेव्हा कुन्हा यांच्यापुढे उभा असलेला पेच हा होता.

मुंबई बदललेली होती. भारत स्वतंत्र होऊन सहा वर्षे झाली होती. गोव्यासाठी काम करणाऱ्या संघटना अनेक होत्या. नॅशनल काँग्रेस गोवा होती, आझाद गोमंतक दल होते, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स होती. प्रत्येकीचा मार्ग वेगळा, पुढारी वेगळे; आणि एकमेकांविषयीचा संशयही कमी नव्हता. कुन्हा यांनी गोवा अ‍ॅक्शन कमिटी स्थापन केली आणि ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते, पैसा नव्हता, मोठा पक्ष नव्हता. लेखणी होती आणि तुरुंगवासाने आलेला नैतिक अधिकार होता. पोर्तुगीज सरकारच्या प्रत्येक दाव्याचे आकडे व इतिहास देऊन खंडन करणे, लिस्बनला पाठीशी घालणाऱ्या बड्या राष्ट्रांचा हेतू उघड करणे, आणि मुंबईतील गोवेकराला तू भारतीय आहेस हे सांगत राहणे, असे त्या पत्राचे स्वरूप होते.

पुढची दोन वर्षे धामधुमीची गेली. जुलै १९५४ मध्ये युनायटेड फ्रंटच्या स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केले, ऑगस्टच्या आरंभी सिल्वासा मुक्त झाले. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही सीमेवरून आत गेले तेव्हा पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. महाराष्ट्रातील घराघरांत गोव्याचे नाव पोहोचले ते या दिवसाने. भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, मुंबईतील वकिलात बंद झाली, रेल्वे थांबली, आर्थिक नाकेबंदी कडक झाली.

या साऱ्याचा सर्वांत जवळचा चटका मुंबईतील गोवेकरांना बसला, हे अनेकदा विसरले जाते. गावी पैसे पाठवणे बंद, जाणे-येणे परवान्यावर. आई आजारी पडली तरी कुडीतल्या माणसाला सीमेवर ताटकळावे लागे. या त्रासाचे खापर स्वातंत्र्यवाद्यांवर फोडणारे लोक समाजात होते, आणि लिस्बनला तेच हवे होते. शिवाय धर्माची भीती घातली जात होती. भारतात गेलात तर चर्च उरणार नाही, असा प्रचार चाले. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस हे गोमंतकीय आईबापांचे पुत्र १९५३ मध्येच भारताचे पहिले कार्डिनल झाले होते. त्या प्रचाराला एवढे एकच उदाहरण पुरेसे उत्तर होते. अर्थात उत्तर पुरेसे असले तरी भीती जात नाही. गोवेकरांची एकमुखी पाठराखण कुन्हा यांना कधीच लाभली नाही. त्यांची डावी मते काहींना खुपत, त्यांचा कडक स्वभाव काहींना. स्वतःच्या समाजाला आरसा दाखवणाऱ्याच्या वाट्याला लोकप्रियता येत नाही. ती त्यांच्याही आली नाही.

डिसेंबर १९५५ मधील एक प्रसंग या संघर्षाचे मर्म सांगून जातो. वॉशिंग्टन येथे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री यांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात आशियातील पोर्तुगीज प्रांतांचा उल्लेख असल्याने भारतात संतापाची लाट उसळली. त्या पोर्तुगीज मंत्र्याचे नाव होते पावलु कुन्हा. आडनाव एकच. एक कुन्हा वॉशिंग्टनमध्ये बसून गोवा पोर्तुगालचा असल्याचे जगाला सांगत होते आणि दुसरे कुन्हा मुंबईतून ते खोडून काढत होते. आडनावाने माणसाचे राष्ट्र ठरत असते, तर वादाचा निकाल तेथेच लागला असता.

भारत सरकारने पुढे सत्याग्रहींना सीमा ओलांडण्यास मनाई केली आणि गोव्याचा प्रश्न रेंगाळला. चळवळीतील अनेक जण निराश झाले, काही आपापल्या व्यवसायात परतले. कुन्हा यांचे पत्र निघतच राहिले. तुरुंगाने शरीर खिळखिळे केले होते. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय सदुसष्ट. गोवा तेव्हाही पोर्तुगीजांकडेच होता, त्यामुळे देह गावी नेण्याचा प्रश्नच नव्हता. सासष्टीच्या या सुपुत्राला मुंबईतील स्कॉटिश दफनभूमीत विसावावे लागले. फेब्रुवारी १९५९ मध्ये जागतिक शांतता परिषदेने स्टॉकहोम येथे त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले.

त्यांच्या माघारी ‘फ्री गोवा’ थांबले नाही. मिनेझिस ब्रागांझा यांच्या कन्या आणि कुन्हा यांच्या भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा यांनी ते चालवले. १९६१ मध्ये मुंबईतील स्मारक समितीने त्यांचे निवडक लेखन गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याच्या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

कुन्हा यांना मात्र आणखी पंचवीस वर्षे मुंबईतच राहावे लागले. १९८६ मध्ये त्यांचे अवशेष गोव्यात आणण्यात आले. पणजीच्या मध्यभागी आझाद मैदानावर खांबांचा एक जुना मंडप आहे. पोर्तुगीज काळात त्यात गोवा जिंकणाऱ्या अफोन्सु द आल्बुकर्कचा पुतळा उभा असे. तो पुतळा आता जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मंडपात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा अस्थिकलश ठेवलेला आहे.